गुबगुबीत पिल्लू म्हणजे निरोगी पिल्लू नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत परवा पिल्लू घरी आणण्याबद्दल लेख आला होता, लसी, झोपायची जागा, शी-शूची सवय सगळं छान लिहिलंय पण खुब्याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून हे पत्र.

आमची लॅब (लॅब्रेडॉर कुत्री) आता 6 वर्षांची आहे. लहान असताना ती जिना चढायची तेव्हा मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारख्या उड्या मारायची आणि आम्ही हसत हसत व्हिडिओ काढायचो. ते दुखणं होतं हो! झोपेतून उठली की पुढचे पाय पटकन उभे, मागचा भाग मात्र डुलत डुलत वर यायचा, तेही आम्ही आळशीपणावर ढकललं. शेवटी एक्स-रे काढला. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत घट्ट बसायला हवा तो अर्धा बाहेर, आणि खोबण वाटीसारखी खोल हवी तर बशीसारखी उथळ. हिप डिसप्लेसिया.

ब्रीडर म्हणाला होता, आईबाप बघा ना कसे पळतात. पण पळण्यावरून काही कळत नाही, यात एक नाही अनेक जीन असतात त्यामुळे धडधाकट दिसणाऱ्या जोडीच्या पिल्लातही हे येतं. एक्स-रेच बघावा लागतो. अमेरिकेतली ओएफए ही संस्था 1966 पासून हेच काम करते आणि कुत्रं 2 वर्षांचं झाल्याशिवाय पक्कं सर्टिफिकेट देत नाही, पेनहिप नावाची दुसरी तपासणी तर 16 आठवड्यांपासूनच करता येते.

आता आमची चूक. जन्मतः खुबा बहुतेक ठीकच असतो, पुढे सांधा सैल पडतो आणि वजन वाढलं की हाडं नीट बसतच नाहीत, घासत राहतात. आणि आम्ही? "किती गोड, गुबगुबीत!" असं कोणी म्हटलं की अजून एक वाटी वाढायची, वर कॅल्शियमची पावडर, जी मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्त झाली तर उलट अपायच करते. 48 लॅब पिल्लांवर एक गाजलेला अभ्यास झालाय, त्यात निम्म्यांना जोडीतल्या भावंडापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं तर त्यांच्यात हा त्रास कमी दिसला आणि ती जवळपास 2 वर्षं जास्त जगली. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, एवढं साधं आहे ते. मला कोणी सांगितलंच नाही, आणि मीही विचारलं नाही.

सध्या वजन उतरवलंय, पोहायला नेतो, गोळ्या डॉक्टरांच्याच (आपली माणसांची दुखण्यावरची गोळी, आयब्युप्रोफेन, कुत्र्याला अजिबात देऊ नका, पोटात अल्सर होतात, किडनी जाते). घसरू नये म्हणून फरशीवर सतरंज्या टाकल्यात. उठताना तिची नखं फरशीवर खरडायची तो आवाज आता येत नाही.

पुढच्या लेखात आईबापाच्या एक्स-रेबद्दल दोन ओळी टाका एवढीच विनंती.

आपली,
एक नियमित वाचक