घाटापलीकडच्या मास्तरीणबाईंना

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि तिकडे रेंजही नसते, म्हणून लिहायला बसलो. आक्काकडून कळलं की तू तळोद्यात खोली घेतलीस आणि कुणाची तरी जुनी स्कूटीही. म्हणजे रोज चांदसैलीचा घाट, तोही पावसाळ्यात. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. नोकरी तू स्वतःच्या अकलेवर मिळवलीस, तुझं तुला कळतं. पिंट्या गावभर सांगत फिरतोय, ताई झेडपीच्या शाळेत लागली म्हणून. मी डेपोत जाऊन पेढे वाटून आलो. आज्जी कागदावर अंगठा उठवायची, ती असती तर तिला तुझा हजेरीपट दाखवला असता.

परवा म्हणालीस, पहिलीची पोरं घरी त्यांची पावरी बोली बोलतात, तुझं बोलणं त्यांना कळत नाही आणि तुला रडू येतं. तेव्हापासून आमचे गुरुजी डोळ्यांपुढून हलत नाहीत. आमचीही शाळा दोनच मास्तरांची. गुरुजींकडे पहिली आणि तिसरी, एकाच खोलीत. तिसरीला गणित घालायचे आणि आम्हाला धुळीत बोटाने अक्षर गिरवायला बसवायचे. धनगरवाड्यावरची पोरं तर तोंडच उघडायची नाहीत. गुरुजींनी त्यांना वाचायला कधी उठवलं नाही. मेंढरं कुठवर गेली, कुणाची व्याली, एवढंच विचारायचे. पोरगं बोलायला लागलं की त्याच्याच तोंडचा एखादा शब्द फळ्यावर. आमच्या वर्गात 'कोकरू' आधी आलं, 'कमळ' मागाहून.

चौथीच्या स्कॉलरशिपला आम्ही घोंगडी घेऊन शाळेतच झोपायचो. कंदिलाची काच गुरुजी रोज संध्याकाळी स्वतः राखेने पुसायचे, पोरांच्या हातात देत नसत. वात कातरायची, काच उजेडाकडे धरून बघायची, एक डाग दिसला तरी पुन्हा राख. त्यांची भाकरी आमच्यातल्याच कुणाच्या तरी घरून यायची. मुक्कामी होते ते, मनू. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सायकलवरून आपल्या गावी आणि सोमवारी प्रार्थनेला हजर. मधे ओढा होता. ओढ्याला पाणी असलं की शनिवारीही जायचे नाहीत.

तू म्हणशील, आबांना गुरुजी आठवले ते घाटापायी. असेल तसं.

हायस्कूलला एक सर निरगुडीचा फोक घेऊन वर्गात यायचे. काय शिकवायचे ते आज धड सांगता येत नाही, भूगोल असावा. २००९ च्या कायद्यापासून मारायला बंदीच आहे, पण तुझा राग नानीच्या वळणावर गेलाय म्हणून लिहिलं. इंग्रजीच्या बाई मात्र पक्क्या लक्षात आहेत. मला ती इंग्रजी डोक्यात चढत नव्हती. माझा जीव एस.टी.त अडकलेला, हे बाईंनी कधी ओळखलं कोण जाणे. मला गाडीवरच्या पाट्या इंग्रजीत लिहायला लावल्या. वाई, पाचवड, सातारा, कराड. चुकलं की लाल शाईने गाव दुरुस्त करून परत. दहावीला इंग्रजीत निघालो तो त्या पाट्यांवर. पुढे त्याच पाट्यांच्या गाड्या चालवल्या, आणि पसरणी काय, आंबेनळी काय, घाटातच आयुष्य गेलं. म्हणून तर बोलतो.

मोठी गाडी ज्या गेअरात चढवायची त्याच गेअरात उतरवायची. तुझ्या स्कूटीला गेअर नाही, उतारावर जवळजवळ सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले की धरत नाहीत. दोन्ही ब्रेक मिळून लाव, पण दाबून धरू नकोस, सोडत सोडत लाव. मधे थांबून गार होऊ दे. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरायचं नाही. आणि पाऊस धरला म्हणून दरडीखाली आडोशाला थांबू नकोस, वरून दगड येतात.

झालं माझं सुरू. लिहिणार नाही म्हणालो आणि अख्खा घाट उतरवला. माफ कर बाई.

शाळेच्या गावात एखादी खोली मिळते का, तेवढं विचारून तर बघ. निदान पाऊस संपेपर्यंत. पोरांची भाषाही तुला तिथंच लवकर येईल, संध्याकाळी ती तुझ्या ओट्यावरच येऊन बसतील. शिक्षणसेवकाची ३ वर्षं महिन्याला १६ हजारांत काढायची, त्यात पेट्रोल कशाला? पैसे लागले तर मला सांग, दादाला नको.

नानी शेंगदाण्याची चटणी आणि तुझा स्वेटर पाठवते आहे. दिवाळीआधी मी येतो. शाळा बघायला, घाट बघायला नाही.

तुझे,
आबा

ता. क. गाडी जुनी आहे, दोन्ही चाकांचे ब्रेक लायनर बदलून घे. पैसे पिंट्या फोनवरून टाकेल.