पाळकसाहेब, यंदा लोणचं घातलंय

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

हे पत्र घरी येऊन हातात देता आलं असतं. पण मुद्दाम उघड लिहितेय, कारण 2021 च्या उन्हाळ्यात आमच्या घरात जे चाललं होतं ते आपल्यातल्या कितीतरी घरांत चाललं होतं, आणि त्या सगळ्यांना तुमच्यासारखं माणूस भेटलं नाही. तुमचं नाव घालत नाही. तुम्हाला ते खपणार नाही, मला माहीत आहे.

त्या वर्षी सासूबाईंनी लोणचं घातलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून एक उन्हाळा असा गेला नव्हता. बाजारात कैऱ्या आल्या, मी विचारलं, किती किलो आणू? त्या म्हणाल्या, "कशाला गं? खायला कोण असणारे?" रागाने नाही, रडत नाही, अगदी शांतपणे. मामंजी एप्रिलमध्ये गेले होते. दफनाला आम्ही चार माणसं होतो. तेव्हापासून त्यांच्या हातात दिवसभर मोबाइल असायचा, आणि त्यात एकामागून एक संदेश: लस म्हणजे प्रकटीकरणातल्या श्वापदाची, म्हणजे देवाच्या शत्रूची, खूण; संतांचं उचललं जाणं, म्हणजे प्रभू आपल्या लोकांना वर घेऊन जाणार तो दिवस, आता काही आठवड्यांवर; मागे राहील त्याचं काही खरं नाही. त्या लस घेईनात. आणि मी त्यांची समजूत घालावी तर मलाही आतून ते खरंच वाटत होतं. लेकीची पोस्टातली आरडी मी मोडली ती त्याच महिन्यात. नवऱ्याला सांगितलं नाही. हे मी पहिल्यांदा तुमच्याजवळ बोलले आणि आज इथे लिहितेय.

मी फोन केला तेव्हा तुम्ही लशीबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. म्हणालात, "त्यांना काही समजावू नका. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, योहानाच्या प्रकटीकरणाचा, 13 वा अध्याय त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. आणि तिथे थांबू देऊ नका, 14 व्याचं पहिलं वचनही वाचायला लावा. अध्यायांचे आकडे योहानाने घातलेले नाहीत."

सासूबाईंनी वाचलं. श्वापदाची खूण उजव्या हातावर किंवा कपाळावर. लगेच पुढे, कोकरा, म्हणजे ख्रिस्त, सियोन डोंगरावर उभा, आणि त्याच्याबरोबरच्या लोकांच्या कपाळावर त्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव. त्या थांबल्या. परत मागे गेल्या. मग स्वतःच जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाचा 6 वा अध्याय काढला, जिथे देवाच्या आज्ञा हाताला बांधायला आणि कपाळावर लावायला सांगितल्या आहेत. तो त्यांना लहानपणापासून पाठ. "म्हणजे हे कोणाची भक्ती करता त्याचं आहे," त्या म्हणाल्या. "नकळत सुईतून घालण्याचं नाही." तीन आठवड्यांनी त्या आपणहून लशीच्या रांगेत उभ्या राहिल्या. तुम्ही त्यांच्याशी एक शब्दही बोलला नव्हतात.

त्यानंतरचे ते शनिवार. टाळेबंदी उठली आणि मी चार वाजता तुमच्या ओट्यावर यायला लागले, लेकीला घेऊन. मला वाटलं होतं तुम्ही मला खरं काय ते सांगाल आणि मी मोकळी होईन. तुम्ही सांगितलं नाहीत. तुम्ही म्हणालात की या भविष्यवाण्यांबद्दल मंडळीत चार घरं आहेत, चारही घरांत देवाची माणसं राहून गेली, आणि चौघांकडे जेवल्याशिवाय कुणाला नावं ठेवायची नाहीत. "झालं" म्हणणारे, म्हणजे बहुतेक सगळं पहिल्या शतकातच पुरं झालं असं मानणारे. "होत आलंय" म्हणणारे, म्हणजे तेव्हापासून आजवरच्या इतिहासात ते एकेक घडत आलंय असं मानणारे. "व्हायचंय" म्हणणारे, म्हणजे बहुतेक सगळं अजून पुढेच आहे असं मानणारे. आणि "नेहमीच होतं" म्हणणारे, म्हणजे ही चित्रं प्रत्येक काळाला लागू आहेत असं मानणारे. मोठमोठ्या पारिभाषिक नावांऐवजी तुमची ही चार नावंच आमच्या घरात रूढ झाली आहेत.

मी आयुष्यभर तिसऱ्या घरात राहिलेली, आणि दुसरी घरं असतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मत्तयाचा 24 वा अध्याय मी शेकडो वेळा ऐकला होता. लढाया, दुष्काळ, भूमिकंप, की लगेच आजचं वर्तमानपत्र. तुम्ही लूकचा 21 वा अध्याय शेजारी ठेवलात. तिथे प्रभू म्हणतो की यरुशलेमाला सैन्यांचा वेढा पडलेला पाहाल तेव्हा डोंगरांकडे पळा. आणि तुम्ही विचारलंत, "तुम्ही नगरच्या. तुम्हाला कुठल्या डोंगरावर पळायला सांगितलंय?" मग इ.स. 70 ची हकिकत सांगितलीत. रोमी सेनापती टायटसने वेढा घातला, मंदिर जळालं, ते सगळं जोसेफस या यहुदी इतिहासकाराने रोमी छावणीत राहून पाहिलं आणि लिहून ठेवलं. मंडळीचा जुना इतिहासकार युसेबियस लिहितो की यरुशलेमातले ख्रिस्ती लोक त्याआधीच शहर सोडून यार्देनेपलीकडच्या पेल्ला गावी गेले होते. रोममधल्या टायटसच्या कमानीचं चित्र दाखवलंत: सैनिकांच्या खांद्यावर मंदिरातला सात फांद्यांचा दीपवृक्ष. ते चित्र मी बराच वेळ धरून बसले होते. "ही पिढी नाहीशी होणार नाही" हे वचन मला नेहमी अडचणीचं वाटायचं, पटकन पुढे जायचे मी. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, प्रभू जे बोलला ते ऐकणाऱ्यांच्या हयातीतच घडलं असेल तर ते वचन किती भरभक्कम आहे.

आणि पाटी. लेक तेव्हा तिसरीत, तिची पाटी तुम्ही मागून घेतलीत. हिब्रूमध्ये अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते म्हणालात आणि ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा रोमी सम्राट नीरो कैसर, त्याचं नाव एकाखाली एक मांडलंत. नून 50, रेश 200, वाव 6, पुन्हा नून 50. मग कैसर: कोफ 100, सामेख 60, रेश 200. बेरीज लेकीने केली. 666. प्रकटीकरणात श्वापदाचा दिलेला आकडा तोच. तिने आनंदाने उडी मारली आणि माझ्या अंगावर काटा आला. मग तुम्ही ओल्या बोटाने शेवटचा नून पुसलात, लॅटिनमध्ये नाव तसंच म्हणतात म्हणून, आणि उरले 616. काही फार जुन्या हस्तलिखितांत खरोखर 616 च आहे. मला वाटलं, झालं, कोडं सुटलं.

तिथेच तुम्ही मला थांबवलंत, आणि याबद्दल मी तुमचे सगळ्यात जास्त आभार मानते. तुम्ही म्हणालात, आता उलट बाजू ऐका. सुमारे 180 साली आयरेनियस हा बिशप याच आकड्याबद्दल लिहितो. 616 हा पाठ त्याला माहीत आहे, तो चुकीचा असं तो म्हणतो. आकड्यात बसणारी दोन-तीन नावंही देतो, पण त्यांत नीरो नाही, आणि कोणत्याच नावावर तो बोट ठेवत नाही. वर तोच सांगतो की योहानाला हे दर्शन डोमिशियन या सम्राटाच्या कारकिर्दीच्या अखेरीस झालं, म्हणजे नीरो मरून पाव शतक उलटल्यावर. तसं असेल तर "झालं" म्हणणाऱ्यांना प्रकटीकरणाबद्दल उत्तर द्यावं लागतं. ते देतात, पुस्तक 70 च्या आधीचं मानून. तुम्ही त्यांचीही कारणं सांगितलीत. पाटीवरची बेरीज लेकीने आठवडाभर पुसू दिली नाही.

"होत आलंय" म्हणणाऱ्यांचं घर आम्ही एका शनिवारात पाहून आलो, पण त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. अमेरिकेतला विल्यम मिलर, शेतकरी माणूस. दानीएलाच्या 8 व्या अध्यायातले 2300 दिवस म्हणजे 2300 वर्षं धरून, इ.स.पू. 457 पासून मोजत तो 1843-44 ला पोचला. शेवटी त्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस ठरवला. कित्येकांनी शेतातलं पीक काढलं नाही. तो दिवस आला आणि गेला. तुम्ही त्यांची टिंगल केली नाहीत. म्हणालात, त्या रात्री जे रडले ते प्रभूवर प्रेम करणारे लोक होते. त्यांच्यातल्या काहींनी पुन्हा शास्त्र उघडलं, त्यातूनच पुढे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली, आणि आपल्या पुण्याचं स्पायसर विद्यापीठ त्यांचंच. मला मात्र शेतात राहिलेलं ते पीक दिसत होतं आणि आमच्या माळ्यावरच्या रिकाम्या बरण्या.

माझ्या स्वतःच्या घराबद्दल तुम्ही सांगितलंत तेव्हा मला दुखलं. मोठ्या संकटाआधी मंडळी गुपचूप उचलली जाणार ही मांडणी, जी मला प्रेषितांच्या काळापासून चालत आलेली वाटायची, ती जॉन नेल्सन डार्बी याने 1830 च्या दशकात रचली आणि 1909 च्या स्कोफील्ड बायबलने घरोघर नेली. मामंजींचं ते जाडजूड इंग्रजी बायबल मी दुसऱ्या शनिवारी घेऊन आले. तुम्ही पान उघडून बोट ठेवलंत: वर वचन, खाली टिपा, मध्ये एक बारीक रेघ. "ही रेघ दिसत राहिली की पुरे," एवढंच म्हणालात. टिपा फाडा म्हणाला नाहीत. उलट "व्हायचंय" म्हणणाऱ्यांचा पाया डार्बीहून किती जुना आहे तेही दाखवलंत. दुसऱ्या शतकातले जस्टिन आणि आयरेनियस दोघेही प्रभूचं हजार वर्षांचं राज्य पृथ्वीवर खरोखर येणार असं मानत होते. ते प्रतीक आहे, सध्याचाच मंडळीचा काळ आहे, हे मत पुढे ऑगस्टीन या बिशपने 5 व्या शतकात भक्कम केलं.

आणि मग तुम्ही जे सांगितलंत ते आपल्या मराठी ख्रिस्ती माणसांपैकी किती जणांना ठाऊक असेल? 1813 साली मुंबईला उतरलेले ते पहिले अमेरिकन मिशनरी. त्यांच्यातला गॉर्डन हॉल आणि नंतर येऊन मिळालेला सॅम्युएल न्यूवेल यांनी मिळून 1818 साली एक पुस्तिका काढली, जगातल्या 60 कोटी लोकांपर्यंत सुवार्ता कशी पोचवायची याची. त्यांच्या मिशनमध्ये त्या काळी आशा अशी होती की सुवार्ता पसरत पसरत जग भरून टाकेल आणि त्यानंतर प्रभू येईल. जग बुडतंय म्हणून ते आले नव्हते. हॉल 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीने गेला. ज्या लोकांनी आपल्या आजा-पणज्यांच्या हातात शास्त्र दिलं त्यांची शेवटाबद्दलची समजूत आज आपल्या व्यासपीठांवरून ऐकू येते त्याच्या जवळजवळ उलट होती. हे कळल्यावर मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

एका ठिकाणी मात्र तुम्ही कडक होतात. सगळंच 70 साली पुरं झालं, प्रभूचं येणं, मेलेल्यांचं उठणं, आता काही उरलं नाही, असं मानणाऱ्यांचं मी काहीतरी वाचून आले होते. तुम्ही तीमथ्याचं दुसरं पत्र काढलंत. हुमनाय आणि फिलेत, पुनरुत्थान होऊन गेलं म्हणत कित्येकांचा विश्वास बिघडवणारे. म्हणालात, विश्वासांगीकारात दर रविवारी आपण म्हणतो की तो न्याय करायला येईल. कसं, केव्हा, आधी काय, नंतर काय, यावर वाद घाला. "येईल" या शब्दावर नाही. मामंजींची कबर तेव्हा चार महिन्यांची होती. तो शब्द तुम्ही सोडला नाहीत म्हणून मी तुमच्याकडे येत राहिले.

तुमचं स्वतःचं मत मी विचारल्यावरच सांगितलंत, तेही नवव्या की दहाव्या शनिवारी. तुम्ही ऑगस्टीनच्या बाजूचे. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात मेघांवर प्रभूला "सामोरे" जाण्याची गोष्ट आहे, तो शब्द तुम्ही उलगडून दाखवलात. तोच ग्रीक शब्द दहा कुमारींच्या दाखल्यात आहे, वराला सामोरे जा. तोच प्रेषितांच्या कृत्यांत, रोमचे बंधू पौलाला भेटायला अप्पियाच्या पेठेपर्यंत आले तिथे. मग काकू चहा घेऊन बाहेर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "आमच्याकडे सीमांतपूजनाला वेशीपर्यंत जायचे ना, तसं." नवरदेवाला सामोरं जायला अख्खा गाव वेशीवर जातो, पण वेशीवरून कोणी पळून जात नाही, वाजतगाजत त्याला घेऊन गावातच परत येतो. तुम्ही काकूंकडे बघत राहिलात. चाळीस वर्षांत ही उपमा मला सुचली नाही, म्हणालात.

पाळकसाहेब, मी तरीही पुरती तुमच्या बाजूला आले नाही. योहानाच्या 14 व्या अध्यायात तो म्हणतो, मी येऊन तुम्हाला आपल्याजवळ घेईन, पित्याच्या घरी. ते मला अजून "व्हायचंय" म्हणणाऱ्यांच्या जवळचं वाटतं. यहुदी लोकांना दिलेली वचनं नुसती प्रतीकं आहेत हेही माझ्या गळी उतरत नाही, रोमकरांस 11 वाचल्यावर तर नाहीच. हे तुम्हाला सांगताना पूर्वी मला धाकधूक वाटली असती. तुम्ही म्हणालात, "छान. आता पुराव्यानिशी बोलताय." भीतीने धरलेलं मत आणि वाचून धरलेलं मत यांतला फरक मला त्या ओट्यावर कळला. मत थोडंफार तेच राहिलं आहे, पण रात्री झोप लागते.

आरडी मी पुन्हा सुरू केली. नवऱ्यालाही सांगितलं. थेस्सलनीकाच्याच लोकांना, प्रभूचा दिवस आलाच म्हणून कामं सोडून बसलेल्यांना, पौलाने कामाला लागा म्हणून लिहिलं ते दुसऱ्या पत्राचं 3 रं प्रकरण सासूबाईंनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं आणि मला म्हणाल्या, मोहरी संपलीय, आणशील का?

गेल्या आठवड्यात लोणचं घातलं. फोडी सासूबाईंनीच केल्या, अडकित्ता दुसऱ्या कुणाला देत नाहीत. तुमची बरणी बाजूला काढून फडकं बांधून ठेवली आहे. मुरायला अजून पंधरा दिवस द्या. काकूंना तिखट कमी लागतं म्हणून वेगळी छोटी आहे, तिच्यावर लाल दोरा आहे.

शनिवारी चारला येतेच. जखऱ्याच्या 14 व्या अध्यायात जैतुनांचा डोंगर दुभंगतो तिथे आपण अडकलो होतो. त्यावर माझ्याकडे तीन प्रश्न आहेत आणि लेकीकडे एक. तिचा अवघड आहे.

तुमची,
शनिवारची विद्यार्थिनी