'पाइपलाइन'मधल्या कैद्यांवर खटला कधी चालला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुपरहिरोंच्या मालिकांबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं तेव्हा दोन टोकं दिसतात. एका बाजूचं म्हणणं, नायक धुतल्या तांदळासारखा हवा, कारण मुलं बघतात. दुसऱ्या बाजूला वाटतं की तो काळ गेला, आता नायक जितका काळवंडलेला तितकी मालिका प्रौढ. दोघेही नायकाच्या स्वभावाविषयी बोलतात. पण पटकथेत स्वभाव असा सुटा सापडत नाही. तिथे असते कृती, आणि त्या कृतीनंतर काय घडतं ते. नायक खलनायकापेक्षा नैतिकदृष्ट्या सरस असलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. चुका त्याच्याही हातून होणारच. प्रश्न एवढाच, की आपल्या ताकदीवर तो कुणाचा अंकुश मानतो का, आणि चुकीची किंमत स्वतः मोजतो का.

'द फ्लॅश' ही अमेरिकन मालिका ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झाली. पहिला सीझन २३ भागांचा. नायक बॅरी ॲलन, म्हणजेच विजेच्या वेगाने धावणारा फ्लॅश, पोलिसांच्या प्रयोगशाळेत पुरावे तपासतो. त्याच्या आईच्या खुनासाठी त्याचे वडील हेन्री आयर्न हाइट्स तुरुंगात आहेत, आणि तो खून त्यांनी केलेला नाही. रीतसर खटला चालूनही निरपराध माणूस आत सडतो, हे ज्याने लहानपणापासून भोगलं, त्याच्या हातात ही मालिका तुरुंगाच्या किल्ल्या देते. तिसऱ्या भागापासून पकडलेले 'मेटाह्यूमन', म्हणजे अचाट शक्ती मिळालेले लोक, स्टार लॅब्ज या संशोधन संस्थेच्या तळाशी, स्फोट झालेल्या ॲक्सिलरेटरच्या (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या) बोगद्यात कोंडले जातात. त्याला सगळे 'पाइपलाइन' म्हणतात. आरोपपत्र नाही, वकील नाही, तारीख नाही. बॅरीला ज्यांनी वाढवलं ते जो वेस्ट पोलीस डिटेक्टिव्ह आहेत, आणि त्यांना हे सगळं माहीत आहे.

हे असं का लिहिलं गेलं, ते मालिका लिहिणाऱ्या कुणालाही लगेच कळेल. २३ भाग भरायचे, बहुतेक आठवड्यांना नवा खलनायक. पकडलेल्याचं करायचं काय? मारला तर नायक खुनी ठरतो. पोलिसांकडे दिला, तर अंगाचा विषारी वायू करणारा काइल निम्बस साध्या गजांच्या कोठडीत थांबेल कसा? म्हणून तिसरी वाट, आपणच कोंडायचं. निर्मितीच्या दृष्टीनेही ती स्वस्त पडते. कोठडीचा एकच सेट उभा करायचा, आतला नट बदलायचा. अडचण खरी होती, त्यामुळे उपायाला माझी हरकत नाही. हरकत याला आहे, की या माणसांना कधीपर्यंत ठेवायचं हा साधा प्रश्न त्या टोळीत कुणी वेळेवर विचारत नाही.

तो न विचारल्याचा परिणाम सातव्या भागात दिसतो. वीज शोषून घेणारा फारूक स्टार लॅब्जमध्ये घुसतो. तेव्हा स्टार लॅब्जचे प्रमुख डॉ. वेल्स एका कोठडीचं दार उघडून टोनी वुडवर्डला त्याच्या अंगावर सोडतात आणि टोनी मरतो. वेल्स हेच त्या सीझनचे छुपे खलनायक. ज्या तुरुंगाला नोंदवही नसते, तो किल्ली हातात असलेल्याच्या मालकीचा होतो. टोनी मेल्यावर कुठलीही चौकशी होत नाही, कारण तो आत होता याचीच कुठे नोंद नव्हती. त्याच भागात वेल्स ॲक्सिलरेटरच्या स्फोटात गेलेल्या लोकांची नावं एकामागून एक फारूकला म्हणून दाखवतात. खलनायकाला मृतांची नावं पाठ आहेत, आणि नायकाच्या तळघरातले जिवंत लोक कुणाच्या यादीत नाहीत! पटकथेने इथे थांबून नायकाला आरसा दाखवायला हवा होता. ती पुढे निघून गेली.

बाविसाव्या भागात ॲक्सिलरेटर पुन्हा सुरू होणार म्हणून कैद्यांना लिआन यू बेटावर हलवायचं ठरतं. त्यासाठी बॅरी चोर लेनर्ड स्नार्टची मदत मागतो. स्नार्टची अट असते की त्याच्याविरुद्धचे सगळे पुरावे नष्ट व्हावेत. बॅरी स्वतःच्याच पोलीस खात्यातून ते पळवतो. जो वेस्ट विरोध करतात, तरी बॅरी थांबत नाही. शेवटी स्नार्ट दगा देतो आणि कैदी सुटतात. वडिलांना निर्दोष ठरवायला ज्याने आयुष्यभर पुरावा शोधला, तोच इथे पुरावा नाहीसा करतो. एवढी मोठी गोष्ट त्या सीझनने एका भागात उरकली, हे मला आजही खटकतं.

यासाठी एक सोपी परीक्षा आहे, आणि ती वनलाइनच्या, म्हणजे प्रसंगांच्या आराखड्याच्या, टप्प्यावरच करावी. संवाद लिहून झाले की फार उशीर होतो, कारण चांगला संवाद वाईट कृती सहज झाकतो. कागदाचे दोन भाग करायचे, एकीकडे नायक, दुसरीकडे खलनायक. त्या भागातली प्रत्येक कृती फक्त क्रियापदाने लिहायची: कोंडलं, खोटं बोलला, पुरावा पळवला, काळ बदलला. 'शहर वाचवण्यासाठी' वगैरे कारणं लिहायची नाहीत, कारण कारण खलनायकाकडेही असतंच. मग वरची नावं अदलाबदल करून वाचायचं. तीच कृती खलनायकाच्या नावाखाली भयंकर आणि नायकाच्या नावाखाली चालण्यासारखी वाटली, तर दोष पटकथेत आहे. त्यानंतर प्रत्येक कृतीपुढे दोन गोष्टी लिहायच्या: किंमत कुणी मोजली, आणि परिणाम किती भाग टिकला. परिणाम त्याच भागात पुसला गेला, तर पश्चात्तापाचा सीन कितीही ओला असो, तो हिशेबात धरायचा नाही.

ही परीक्षा 'फ्लॅश'च्या तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला लावून बघा. थॉनने, म्हणजे पहिल्या सीझनमध्ये वेल्स बनून वावरणाऱ्या खलनायकाने, भूतकाळात जाऊन बॅरीच्या आईला मारलं. बॅरी भूतकाळात जाऊन तिला वाचवतो. क्रियापद एकच, काळ बदलला. शिवाय बॅरी थॉनला पिंजऱ्यात कोंडून ठेवतो, आणि थॉन त्याला विचारतो, आता खलनायक कोण? इथे लेखकांनी कागद खरोखर उलटा धरला होता. बॅरीला थॉनकडेच जाऊन पुन्हा आईचा खून करायला सांगावं लागतं. सगळं पूर्ववत झालं असं वाटतं, पण त्याचा मित्र सिस्कोचा भाऊ दांते आता हयात नाही. सिस्कोचा राग पुढचे काही भाग टिकतो. किंमत दुसऱ्याने मोजली, पण ती विसरली गेली नाही.

चौथ्या सीझनमध्ये मात्र सरसपणा म्हणजे काय, ते या मालिकेने एकदा नेमकं दाखवलं. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या दहाव्या भागात न केलेल्या खुनासाठी बॅरीवर खटला चालतो. तो क्षणात पळून जाऊ शकतो, जगातली कुठलीही बेडी त्याला थांबवू शकत नाही. तो पळत नाही. शिक्षा होते आणि त्याला आयर्न हाइट्समध्ये नेतात. कोठडीच्या भिंतीवर कोरलेलं असतं: हेन्री ॲलन इथे होता. वडिलांचीच कोठडी. पहिल्या सीझनमध्ये दुसऱ्यांना विनाखटला कोंडणारा माणूस इथे चुकीच्या निकालालाही मान देऊन आत बसतो. याच बिंदूवर तो खलनायकापेक्षा वेगळा होतो, आणि त्यासाठी एकही ठोसा मारावा लागत नाही. पुढे त्याची सुटका कशी होते? ज्याच्या खुनासाठी त्याला शिक्षा झाली, तो 'मृत' डिव्हो बनून रूप बदलू शकणारा त्याचा साथीदार राल्फ कोर्टात उभा राहतो. म्हणजे कोर्टाची फसवणूक. कमावलेलं तीन भागांत पुन्हा सांडलं.

'डेअरडेव्हिल'चा पहिला सीझन (२०१५) १३ भागांचा. दर आठवड्याच्या खलनायकाची गरज नाही, त्यामुळे त्यांना कोंडायच्या कोठाराचीही नाही. नायक मॅट मर्डॉक वकील आहे आणि रात्री कायदा मोडतो. दुसऱ्याच भागात माहिती काढण्यासाठी तो एका माणसाला गच्चीवर छळतो. क्रियापदांच्या यादीत तो खलनायक विल्सन फिस्कपासून फार लांब नाही, आणि सहाव्या भागात फिस्क त्याला वॉकीटॉकीवर साधारण हेच ऐकवतो. फरक पडतो तो मॅटचा मित्र फॉगी याच्यामुळे. मित्राचं गुपित कळल्यावर फॉगी जो जाब विचारतो त्याला जवळजवळ अख्खा दहावा भाग दिला आहे, आणि मॅटकडे त्याचं चोख उत्तर नाही. शेवटीही फिस्कविरुद्ध आधी पोलीस डिटेक्टिव्ह हॉफमनची साक्ष होते. फिस्क पळतो, तेव्हा मॅट त्याला मारहाण करतो, पण पोलिसांच्या हवाली करतो.

'ॲरो'च्या पहिल्या सीझनमध्ये (२०१२) नायक ऑलिव्हर क्वीन सर्रास माणसं मारतो, आणि त्यातल्या पहारेकऱ्यांना नावही नसतं. जिगरी मित्र टॉमीच्या मृत्यूनंतर तो न मारण्याचं व्रत घेतो, ते दुसऱ्या सीझनमध्ये एकदा मोडतं, आणि चौथ्याच्या शेवटी तो खलनायक डेमियन डार्कला ठार करतो. व्रत मोडू नये असं मी म्हणत नाही. नाव नसलेला माणूस मेला तर ते मोजायचं नाही, हा हिशेब मात्र चुकीचा आहे.

आपल्या पिढ्यांनी १९९७ पासून दूरदर्शनवर 'शक्तिमान' पाहिला. त्याचा चांगुलपणा प्रामाणिक होता, पण घोषित होता. भागाच्या शेवटी चुकलेलं मूल 'सॉरी शक्तिमान' म्हणायचं. शक्तिमानला कुणी जाब विचारावा असा प्रसंग क्वचितच लिहिला गेला. उलट अमेरिकेत १९५४ च्या कॉमिक्स संहितेने गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असं काही छापायलाच बंदी केली होती. तशी सक्ती कुणालाच नको आहे. खलनायकाचं दुःख जरूर दाखवा. त्यामुळे नायकाचं काम अवघड होतं आणि ते तसंच व्हायला हवं.

मराठीत कुणी सुपरहिरोची मालिका लिहायला घेतली, तर नायकाची शक्ती ठरवण्याआधी त्याला 'नाही' म्हणू शकणारं पात्र ठरवावं. ते पात्र त्याच्या उपकाराखाली नसावं, आणि दर पाच-सहा भागांत एकदा तरी त्याचं 'नाही' नायकाला ऐकावं लागावं, शत्रू निसटला तरी. आणि आपल्या समीक्षकांना विनंती, की पुढच्या परीक्षणात नायक 'ग्रे' आहे एवढ्यावर थांबू नये. त्याने कुणाला कोंडलं, किती दिवस आणि कुणाच्या परवानगीने, तेही लिहावं.

आपला,
एक पटकथालेखक, पुणे