कैद्याच्या श्रद्धेचा अर्ज आणि कारागृहाचे लेखी उत्तर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कैद्याने दाढी राखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे, याचे अनेकांना नवल वाटते. परंतु अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या एका मुस्लिम कैद्याला तसे जावे लागले. अर्धा इंच दाढीत घातक वस्तू लपवता येतात, हे तुरुंगाचे म्हणणे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एकमताने फेटाळले, कारण त्वचाविकार असलेल्या कैद्यांना पाव इंच दाढीची मुभा तुरुंगानेच दिलेली होती आणि डोक्यावरच्या केसांना एवढी कडक अट नव्हती. या निकालामागे २००० साली झालेला कायदा आहे. कैद्याच्या धर्माचरणावर मोठा निर्बंध घातला, तर तो का अटळ होता आणि त्याहून सौम्य उपाय का नव्हता, हे तुरुंगाने सिद्ध करायचे असते.

आपल्याकडे हा भार कैद्यावरच पडतो. वास्तविक राज्यघटनेचे कलम २५ धर्मस्वातंत्र्य ‘सर्व व्यक्तींना’ देते, त्यातून कैदी वगळलेला नाही. साठच्या दशकात मुंबईच्या कारागृहातील एका स्थानबद्धाने अणुविज्ञानावर मराठी पुस्तक लिहिले आणि ते छापायला बाहेर पाठवण्यास सरकारने नकार दिला, तेव्हा नियमांत दिलेल्या तेवढ्याच सवलती, बाकी हक्क नाही, हा सरकारचा युक्तिवाद आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मानला नव्हता. महाराष्ट्रातच घडलेले हे प्रकरण आपण विसरलो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

येरवडा कारागृहाच्या परिसरात माझे आयुष्य गेले. आत असलेल्यांपैकी कितीतरी जण कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्धच झालेला नाही असे असतात. रोजाच्या काळात पहाटेचे जेवण, सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैन कैद्याचा नेम, बौद्ध कैद्याला वंदनेसाठी थोडी जागा, या गोष्टी अधीक्षकांच्या मर्जीवर राहू नयेत. सुरक्षेची अडचण खरी असेल, तर ती अवश्य सांगावी. मात्र अशा प्रत्येक अर्जावर ठरावीक मुदतीत कारणांसह लेखी उत्तर द्यावे आणि नकाराची प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावी, एवढी तरतूद राज्य शासनाने कारागृह नियमांत करावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, येरवडा, पुणे