आईला सहलीची शेवटची सकाळ देणाऱ्या गालापागोसच्या गाईडदादांना

प्रिय दादा,

तुमचं नाव इथे टाकत नाही, तुम्हाला न विचारता ते बरं नाही. हे पत्र इंग्लिशमध्ये करून तुम्हाला पाठवणारच आहे, पण आधी मराठीत लिहितेय कारण आपल्याकडून तिकडे, म्हणजे पॅसिफिकमधल्या इक्वेडोरच्या गालापागोस बेटांवर, जाणाऱ्यांनी, विशेषतः आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी, हे वाचावं असं मनापासून वाटतं.

बोटीवरच्या पहिल्याच संध्याकाळी ब्रीफिंग झाल्यावर तुम्ही आईचे गुडघे बघून तिच्या शेजारी येऊन बसलात, कुठलं बेट तिला जमेल आणि कुठलं नाही ते नकाशावर बोट ठेवून खरं खरं सांगितलंत, उगाच "होईल हो" नाही केलंत, आणि वर म्हणालात की शेवटची सकाळ मात्र तुमची, तिथे उतरायचंच नाहीये, सगळं पांग्यात, म्हणजे छोट्या होडीत, बसूनच बघायचंय. आईने ते इतकं धरून ठेवलं ना! फर्नांडिना बेटावर आम्ही त्या काळ्या गुंडाळलेल्या लाव्हावरून चालत होतो आणि ती बोटीवर होती, मला फार अपराधी वाटत होतं. तुम्ही परत आल्यावर आधी तिच्याकडे गेलात. समुद्री इग्वाना (मोठे सरडेच ते) नाकातून फुसफुस करून मीठ कसं बाहेर टाकतात, विषुववृत्तावर पेंग्विन कसे काय राहतात, तर पश्चिमेच्या बाजूला क्रॉमवेल नावाच्या समुद्रप्रवाहाचं गार पाणी खालून वर येतं म्हणून, हे सगळं तिला परत पहिल्यापासून सांगितलंत. बेटांचं वय पण तिला तुमच्यामुळेच कळलं. खाली ज्वालामुखीचा हॉटस्पॉट, म्हणजे लाव्हा वर येतो ती जागा, एकाच ठिकाणी आहे आणि वरची नाझ्का प्लेट, म्हणजे खडकाचा भलामोठा थर, तिथे तयार झालेली बेटं घेऊन हळूहळू पूर्वेकडे सरकतेय, म्हणून पश्चिमेची फर्नांडिना तरुण, अजून लाव्हा ओकणारी (2024 मध्येच फुटली होती), आणि पूर्वेची एस्पान्योला म्हातारी, झिजलेली. आई म्हणाली म्हणजे माझ्यासारखी, तर तुम्ही म्हणालात हो, आणि अल्बाट्रॉससारखे मोठे समुद्री पक्षी घरटं करायला तिथेच जातात.

आता त्या शेवटच्या सकाळबद्दल. उजाडायच्या आत सगळ्यांना उठवलंत, त्याच दिवशी विमान होतं त्यामुळे अर्ध्या लोकांचं डोकं बॅगांमध्ये अडकलेलं. पांग्यात चढताना तुम्ही आईचा हात नाही, मनगटाच्या वर धरलात आणि तिला तुमचं तसंच धरायला लावलंत, लाट वर आली की पाऊल टाका म्हणालात, आणि ती चढली, कुणीही न उचलता. सांताक्रुझ बेटाच्या उत्तरेची ती ब्लॅक टर्टल कोव्ह नावाची छोटी खाडी. आत खारफुटीत शिरल्यावर इंजिन बंद, नुसती वल्ही. तुम्ही सांगितलंत की आता दहा मिनिटं कुणी बोलू नका, कॅमेरा मांडीवर ठेवा. मला आधी वाटलं वेळ कमी आहे आणि हे काय, पण तुमचंच बरोबर होतं. पहिल्यांदा नुसता श्वास ऐकू आला, कासवाचा, डोकं वर काढून फूस करून परत आत. मग एक जोडी दिसली, नर मादीच्या पाठीवर, दोघं तरंगत होती आणि तिला त्याचंही वजन घेऊन श्वासाला वर यावं लागत होतं. आई हळूच म्हणाली "बिचारी". मग खालून सोनेरी रे मासे ओळीने गेले, एकमेकांच्या पंखांना पंख लावल्यासारखे, आणि मुळांपाशी ब्लॅकटिप शार्कची हातभर पिल्लं. लहानपणी मोठ्या माशांपासून वाचायला ती तिथेच वाढतात हे तुम्ही अगदी कुजबुजत सांगितलंत. गुडघे दुखणारं माणूस पण यातलं काहीच चुकवत नव्हतं. सगळ्यांना सारखंच दिसत होतं, ही गोष्ट माझ्यासाठी फार मोठी आहे दादा.

नंतर बाल्ट्राला, विमानतळाच्या बेटावर, एअरपोर्टच्या बसमध्ये सगळे फोनमध्ये गेले, मीही. तुम्ही उठून उभे राहिलात आणि रस्त्याकडे बघायला लावलंत. लँड इग्वाना, जमिनीवर राहणारे! दुसऱ्या महायुद्धात तिथे अमेरिकेचा हवाई तळ झाला आणि पुढच्या काही वर्षांत बाल्ट्रावरचे हे इग्वाना संपले. तरी त्यांचा वंश वाचला कशामुळे तर 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला एका मोहिमेतल्या लोकांनी काही इग्वाना उचलून शेजारच्या नॉर्थ सेमूरवर सोडले होते. त्यांचीच पुढची पिढी सांताक्रुझच्या संशोधन केंद्रात वाढवून 1991 पासून परत बाल्ट्रावर सोडायला लागले. म्हणजे आम्ही निघताना जे रस्त्याकडेला ऊन खात बसले होते ते असे घरी परत आलेले. ड्रायव्हर त्यांच्यासाठी गाडी हळू करतो हे पण तुम्ही दाखवलंत. इतके दिवस तुम्ही प्राण्यांपासून सहा फूट लांब राहा, वाट सोडू नका, फ्लॅश नको असं सारखं सांगत होतात, काही जण वैतागायचेही, आणि एका गाईडमागे सोळाच माणसं हा नियम त्यांना महागडा लाड वाटायचा. त्या बसमध्ये मला ते सगळं कळलं. एक अख्खा प्राणी बेटावरून नाहीसा व्हायला थोडी वर्षं पुरली आणि परत आणायला कितीतरी माणसांची किती वर्षं लागली!

आणि हे मी स्पष्टच लिहिते, जे कुणी जाणार असतील त्यांनी गाईडला आधी आपल्या माणसांची तब्येत सांगा, लपवू नका, तो मार्ग काढतो. आमच्या दादांनी काढला.

दादा, मनापासून थँक्यू. आईला बोटीवर कधीच "मागे राहिलेली" वाटू दिलं नाहीत. तिने सगळं वहीत लिहून ठेवलंय, रोज काढून वाचते, फक्त एका ठिकाणी प्रश्नचिन्ह आहे. खारफुटीच्या मुळावर तो तपकिरी, रेघारेघांचा छोटा बगळा बसला होता ना, तो लाव्हा हेरॉनचं पिल्लू होतं की दुसराच कुठला? मी पिल्लू म्हणते, तिला पटत नाही. तिला तुमच्याकडूनच ऐकायचंय, तेवढं कळवा.

तुमची,
आईला घेऊन आलेली लेक