ओळखी कुणाच्या? मा. केंद्रीय कामगारमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री, नवी दिल्ली

महोदय, स.न.वि.वि.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या, त्याबद्दल आभार. वेतन संहितेच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा देणाऱ्याचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता व्हायला हवा. पण लिंक्डइनवरच्या (नोकरी-व्यवसायाच्या ओळखी जोडणारे संकेतस्थळ) आपल्या ओळखींवर हक्क सांगत 'लिंक्डइनचा पासवर्ड द्या, मग रिलीव्हिंग लेटर (कार्यमुक्तीचे पत्र) न्या' असे एखाद्या कंपनीने बजावले, तर काय करायचे? यावर तुमच्या संहिता गप्प आहेत.

लिंक्डइनचा करार स्पष्ट आहे: खाते सभासदाचे. कंपनीने 'रिक्रूटर' या लिंक्डइनच्या भरती-सेवेचे पैसे भरले असतील, तर त्या सशुल्क सेवेवर तिचा ताबा. वैयक्तिक खात्यावर नाही. तरी खाते जाते, कारण ते ऑफिसच्या ईमेलवर उघडलेले असते. शेवटच्या दिवशी मेलबॉक्स बंद होतो आणि पासवर्ड बदलण्याची लिंक तिथेच अडकते. म्हणून राजीनाम्याआधीच सेटिंग्जमध्ये स्वतःचा ईमेल जोडून तोच प्रायमरी करावा, टू-स्टेप पडताळणीचा नंबरही स्वतःचा ठेवावा. 'डेटाची प्रत' मागवली की संपर्कांची फाइल मिळते, पण तीत नाव, कंपनी, पद, तारीख एवढेच भरवशाचे. समोरच्याने परवानगी दिली नसेल तर ईमेलचा रकाना रिकामा. खाते गेले की या फाइलवर भागत नाही.

कंपनीच्या सीआरएममधली (ग्राहकांच्या नोंदी ठेवणारी संगणक-प्रणाली) यादी कंपनीचीच, ती कुणी उचलून नेऊ नये. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये बर्लिंग्टन कंपनीच्या खटल्यात ग्राहकांच्या संकलित यादीला कॉपीराइटचे संरक्षण दिले. त्याच न्यायालयाने २००६ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या खटल्यात ग्राहकांच्या माहितीचे कारण पुढे करून कर्मचाऱ्याची वाट अडवू दिली नाही. करार कायद्याचे कलम २७ तर १८७२ पासून सांगते की धंदा-रोजगार रोखणारा करार रद्दबातल. पण कोर्टाची पायरी कोण चढणार? नव्या नोकरीत रुजू व्हायची तारीख डोक्यावर असते, नोकरदार मुकाट्याने पासवर्ड देतो. कायदा पुस्तकात आपल्या बाजूने आणि कागद कंपनीच्या कपाटात, हीच या देशातल्या नोकरदाराची कोंडी आहे.

विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये व्यापार-गुपितांवर २८९ वा अहवाल दिला. ती फाइल हलेल तेव्हा हलेल. तोवर तुमच्या मंत्रालयाने एवढे तरी लेखी कळवावे: वैयक्तिक खात्याचा पासवर्ड मागता येणार नाही, त्यापायी रिलीव्हिंग लेटर वा हिशेब अडवता येणार नाही आणि ऑफिसचा मेल बंद करण्याआधी ईमेल बदलायला सात दिवस द्यावे लागतील.

आपला,
एक नोकरदार