तीन रविवारची घोषणा

टोरोंटो
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय आई आणि पप्पा,
सप्रेम सलाम.

पप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिनाच झालाय, म्हणून आई, हे तूच वाचून दाखव. एका बैठकीत होणार नाही. मध्ये थांबावंसं वाटलं तर थांब, पण गाळू नकोस. फोनवर आपलं बोलणं दर वेळी हवा, भाज्यांचे भाव आणि चिमीची परीक्षा यांच्यापुढे सरकत नाही, म्हणून कागद घेतला.

बातमी आधी सांगते. २४ जानेवारीला, शनिवारी, आमचं लग्न आहे. गेली सहा वर्षं मी जिच्यासोबत राहते तिच्याशी, आणि चर्चमध्ये. तुम्हाला हे दादाकडून किंवा कुणाच्या मोबाइलवरून कळू नये, माझ्याकडूनच कळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

आई, दोन वर्षांपूर्वी मी तुला खरं सांगितलं तेव्हा तू रडत रडत एकच विचारलंस, "मग तू प्रभूला सोडलंस का?" तेव्हा मला बोलता आलं नाही. त्याचं उत्तर आज देते.

सोडलं नाही. सोडता आलं असतं तर इतकी वर्षं सोपी गेली असती. पंधराव्या वर्षापासून मला माझ्याबद्दल कळत होतं, आणि त्याच वर्षी माझं दृढीकरण झालं. पांढऱ्या साडीत वेदीपुढे गुडघे टेकून मी "मला बदल" अशी प्रार्थना केली होती. नर्सिंगच्या होस्टेलवर असताना दर शुक्रवारी उपास धरला. तुला वाटायचं अभ्यासासाठी करते. एका प्रार्थना शिबिरात एका उपदेशकाने डोक्यावर हात ठेवून माझ्यातलं भूत काढायचा प्रयत्न केला. तासभर ओरडत होते ते. मी निमूट बसून होते आणि मनात एकच चाललं होतं, की या खोलीत येशू असता तर तो ओरडला नसता.

मग पुण्याचं स्थळ आलं. मुलगा खरोखर चांगला होता, घराणं चांगलं, तुम्हा सगळ्यांना पसंत. मी नाही म्हटलं आणि कारण सांगितलं नाही, म्हणून पप्पा वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत. कारण आता सांगते. मला त्या मुलाच्या बाजूला, देवासमोर आणि मंडळीसमोर उभं राहून शपथ घ्यायची होती, आणि ती खोटी ठरणार हे मला ठाऊक होतं. लग्न म्हणजे करार आहे, देवाला साक्षी ठेवून बोललेला शब्द फिरवायचा नसतो, हे मला पप्पांनीच शिकवलं. त्या शिकवणुकीमुळे मी नाही म्हटलं. मी इथवर आले ती श्रद्धा सोडून आले नाही, तिचंच बोट धरून आले. एवढं तुम्हाला कळलं तर बाकीचं पत्र नाही वाचलं तरी चालेल.

इथे आल्यावर चार वर्षं मी प्रभुभोजन घेतलं नाही. जो अयोग्य प्रकारे ती भाकर खातो तो दोषी ठरतो, असं प्रेषित पौल बायबलमध्ये करिंथकरांना पत्रात लिहितो. ते वाक्य आठवलं की हात पुढे जायचा नाही. मागच्या बाकावर बसायचं आणि भाकर फिरायला लागली की उठून बाहेर जायचं. चर्चमधल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या ते लक्षात आलं. एका रविवारी त्या माझ्यामागून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, पौल तिथे ज्यांना रागावलाय ते स्वतः भरपेट खाऊन गरिबांना उपाशी ठेवणारे लोक होते. घरी येऊन आपलं मराठी बायबल काढलं आणि त्या पत्राचा अकरावा अध्याय पहिल्यापासून वाचला. खरंच तसं आहे. इतकी वर्षं मी त्यातलं एकच वचन उचलून स्वतःच्या पाठीवर मारत होते. पुढच्या प्रभुभोजनाला मी भाकर घेतली. त्या बाई शेजारीच होत्या.

आता पुढचं पप्पांसाठी.

पप्पा, तुम्ही म्हणाल, एका वचनाचा अर्थ लागला, पण असे संबंध निषिद्ध म्हणणाऱ्या लेवीयच्या पुस्तकाचं काय? पौलाच्या रोमकरांस पत्राचं काय? ती वचनं मी टाळलेली नाहीत. लेवीय ज्या नियमशास्त्रात आहे त्यातलं आपण काय पाळतो आणि काय पाळत नाही, हे तुम्हीच शब्बाथ शाळेत समजावून सांगत होता. करिंथकरांच्या पहिल्या पत्रातल्या ज्या दोन ग्रीक शब्दांवर सगळा वाद आहे, त्यांचा नेमका अर्थ काय, यावर मोठमोठ्या अभ्यासकांचं आजही एकमत नाही. त्या जागी 'समलैंगिक' या अर्थाचा शब्द एका इंग्रजी भाषांतरात पहिल्यांदा आला तो १९४६ साली. आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना समजावं म्हणून, किती वर्षं खपून बायबल मराठीत आणलं, हे ती आम्हाला किती अभिमानाने सांगायची. १९२४ साली ते पुरं छापून निघालं तेव्हा रमाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. एकेका शब्दासाठी माणसाला किती झटावं लागतं आणि तरी तो शब्द माणसानेच निवडलेला असतो, हे मी आजीकडून शिकले.

रोमकरांचा पहिला अध्याय मात्र मला अजूनही टोचतो. तुमच्याशी खोटं बोलणार नाही. त्याचं समाधान होईल असं उत्तर माझ्यापाशी नाही. तो वाचते आणि पुढे वाचत राहते, आठव्या अध्यायापर्यंत, जिथे देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काहीही वेगळं करू शकणार नाही असं तोच पौल लिहितो.

तुम्ही शिकवलेला एक धडा मला सगळ्यात जवळचा आहे. रथात बसून यशयाचं पुस्तक वाचणारा तो कूशी षंढ. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातल्या नियमाप्रमाणे त्याच्यासारख्याला मंडळीत यायची मनाई होती. तरी तो यरुशलेमला उपासनेसाठी गेला होता आणि आता परत निघाला होता. तो वाचत होता तो त्रेपन्नावा अध्याय. तीनच अध्याय पुढे गेला असता तर छप्पन्नाव्यात त्याला सापडलं असतं की अशा माणसांना देव आपल्या घरात मुलामुलींपेक्षाही थोर नाव देणार आहे. त्याने वाटेत भेटलेल्या सुवार्तिक फिलिप्पाला एवढंच विचारलं, हे इथे पाणी आहे, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? फिलिप्पाने त्याला अडवलं नाही. दोघं पाण्यात उतरले. हा धडा शिकवताना तुमचा आवाज भरून यायचा, पप्पा. मी तिसऱ्या रांगेत बसायचे, मला तो आवाज अजून ऐकू येतो.

इथल्या चर्चबद्दल थोडं सांगते, म्हणजे मी कुठे जाते याची काळजी राहणार नाही. युनायटेड चर्च ऑफ कॅनडा १९२५ साली टोरोंटोतच स्थापन झालं. मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बरेचसे प्रेस्बिटेरियन एकत्र आले. नगरला आपल्या मंडळ्या ज्यांनी उभ्या केल्या ते अमेरिकन मराठी मिशनवालेही काँग्रिगेशनलच, आणि १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आपलं सीएनआय, झालं ते असंच अनेक मंडळ्या एक होऊन. म्हणजे मी परक्या घरी गेलेले नाही, चुलत घरीच आहे. १९८८ साली या चर्चने ठरवलं की माझ्यासारख्या माणसांना सभासद होता येईल आणि पाळकपणासाठीही त्यांचा विचार होईल. ते सोपं गेलं नाही. खूप लोक सोडून गेले, मंडळ्या फुटल्या. जे गेले त्यांना मी वाईट म्हणत नाही. त्यांच्यात तुमच्यासारखे पुष्कळ असतील.

१४ जानेवारी २००१ ला याच शहरातल्या दुसऱ्या एका चर्चमध्ये, मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चमध्ये, दोन जोडप्यांची अशी लग्नं लागली. सरकार लायसन्स देईना, तेव्हा पाळक ब्रेंट हॉक्स यांनी जुनी रीत वापरली: उपासनेत आधी लग्नाची घोषणा वाचायची आणि तिच्या बळावर लग्न लावायचं. त्या दिवशी झग्याच्या आत त्यांनी बुलेटप्रूफ जाकीट घातलं होतं, इतक्या धमक्या होत्या. सरकारने ती लग्नं नोंदवून घेतली नाहीत. शेवटी जून २००३ मध्ये ओंटारियोच्या वरच्या कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २००५ साली सगळ्या देशासाठी कायदा झाला.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा लग्नांबद्दल निकाल आला तेव्हा पप्पा म्हणाले होते, "बघ, सुप्रीम कोर्टसुद्धा नाही म्हणालं." आई, तूच मला ते सांगितलंस. हो, तो निकाल मी पूर्ण वाचला आणि त्या रात्री ड्यूटीवर कुणाशी बोलले नाही. पण २०१८ साली त्याच कोर्टाने आम्हाला गुन्हेगार म्हणणं बंद केलं, तेही पप्पांना आठवू दे.

आमच्या घरातली गोष्ट मी त्यांना सांगायला नको, तरी सांगते. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या घरच्यांनी त्यांच्या नावाने आंघोळ केली. त्यांची आई मात्र अंधार पडल्यावर विहिरीपाशी यायची, भाकरी ठेवून जायची. दर नाताळात आपण हे ऐकत आलो. टिळकांचंही आपण सांगतो. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि लक्ष्मीबाईंचा १९०० चा. त्यांनी बाईंवर जबरदस्ती केली नाही, वाट पाहिली. बाई आल्या त्या स्वतःच्या पायांनी. मला तुमच्यावर कसलीच घाई करायची नाही.

तिच्याबद्दल मी मुद्दामच फार लिहिलं नाही, कारण तुम्ही तिला भेटावं असं मला वाटतं, वाचावं असं नाही. एवढंच सांगते: माझी रात्रपाळी असली की ती पहाटे उठून गाडीवरचा बर्फ खरवडून ठेवते. जेरार्ड स्ट्रीटवरून ज्वारीचं पीठ आणते. भाकरी तिला अजून थापता येत नाही, पण शेकायला तीच उभी राहते. आणि जेवणाआधी आम्ही दोघी प्रार्थना करतो, मी मराठीत, ती इंग्रजीत. गेल्या वर्षीच्या करंज्यांचा डबा तू दोघींना पुरेल एवढा पाठवलास, आई. काही बोलली नाहीस, पण मी मोजल्या होत्या.

इथे आजही लायसन्सऐवजी घोषणेवर लग्न करता येतं. आम्ही तेच ठरवलंय. आपल्या चर्चमध्ये लहानपणापासून ऐकत आले, अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, कोणाची हरकत असल्यास सांगावी. माझं नाव तसं कधी वाचलं जाईल असं वाटलं नव्हतं. ४, ११ आणि १८ जानेवारीला, तिन्ही रविवारी, आमचं वाचलं जाईल. पप्पांची हरकत असणार, मला ठाऊक आहे. ती त्यांनी मला फोन करून सांगावी. रागावून सांगितली तरी चालेल. दोन वर्षांत मी त्यांचा आवाज ऐकलेला नाही.

आणखी एक. रात्रीच्या घरच्या प्रार्थनेत पप्पा एकेकाचं नाव घेतात, दादाचं, वहिनीचं, चिमीचं. माझ्या जागी आता "दूर असणारे सगळे" म्हणतात, असं तू सांगितलंस. लग्नाला या असं मी म्हणत नाही, आशीर्वादही मागत नाही. इथली उपासना सकाळी साडेदहाला सुरू होते, तेव्हा नगरला रात्रीचे नऊ वाजलेले असतात, तुमच्या प्रार्थनेची वेळ. त्या तीन रविवारी पप्पांनी माझं नाव घ्यावं. देवाला काय सांगायचं ते त्यांनी ठरवावं, पण माझं नाव घेऊन सांगावं.

तुमची,
बेबी

ता. क. डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचेत, तीन वेळा नाही. चिठ्ठी पुन्हा नीट बघ.